लाल शेऱ्याच्या पुढे: परीक्षेनंतर मुलांना उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा द्यावा

'अभ्यास वाढव.' 'लक्ष देऊन लिही.' 'अक्षर सुधार.' 'छान!' पुण्यातल्या कुठल्याही शाळेतला सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा उघडा, लाल शाईतले हे चार शेरे सापडणारच. यातला एकही शेरा खोटा नसतो. पण तो वाचून मुलाला आज संध्याकाळी वही उघडून नेमकं काय करायचं ते कळत नाही. बी.एड.च्या पुस्तकात ज्याला प्रत्याभरण म्हणतात आणि स्टाफरूममध्ये नुसता शेरा, त्याची कसोटी आमच्या मते एकच आहे. शेरा वाचून झाल्यावर पेन मुलाच्या हातात गेलं पाहिजे. ते शिक्षकाच्याच हातात राहिलं, तर लिहिलेलं सगळं पाण्यात.

पुढची पद्धत आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. एका तुकडीत पन्नास-पंचावन्न मुलं, एका शिक्षकाकडे तीन-चार तुकड्या आणि ३५ मिनिटांची तासिका, हे धरूनच ती मांडली आहे. वीस मुलांच्या वर्गासाठी लिहिलेल्या सूचना इथे चालत नाहीत.

तपासायला बसण्याआधी

नमुना उत्तरं आणि गुणविभागणी लिहून काढा, डोक्यात ठेवू नका. तीन गुणांच्या गणितात सूत्राला किती, किमती घालण्याला किती, उत्तराला किती, हे आधी ठरलं नाही तर पहिल्या दहा पेपरांत एक न्याय आणि शेवटच्या दहांत दुसरा असं हमखास होतं. बोर्डाच्या परीक्षेत परीक्षकाच्या वर नियामक असतो, म्हणजे त्याने तपासलेलं पुन्हा बघणारा. शाळेत तुमच्या वर कोणी नसतं, म्हणून हा कागदच तुमचा नियामक.

मग गठ्ठ्यातून कुठलेही सहा पेपर काढा आणि गुण न देता नुसते वाचा. मुलं अशी उत्तरं लिहितात जी नमुना उत्तरात नसतात, पण बरोबर असतात. कधी प्रश्नाचीच भाषा दुहेरी असते आणि सहापैकी चौघांनी तिचा दुसरा अर्थ घेतलेला असतो. हे सहाव्या पेपरला कळलं तर गुणविभागणी बदलता येते. चाळिसाव्याला कळलं तर कोणी बदलत नाही, आणि तेही साहजिक आहे.

तपासणी पेपरनिहाय न करता प्रश्ननिहाय करा. सगळ्या पंचावन्न जणांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पानं उलटण्यात थोडा वेळ जातो, पण नमुना उत्तर डोळ्यांसमोर राहतं, हात भरभर चालतो, आणि पहिलं उत्तर छान लिहिणाऱ्याला पुढच्या उत्तरात नकळत अर्धा गुण जास्त मिळत नाही. शिवाय एकाच प्रश्नाची पंचावन्न उत्तरं लागोपाठ वाचली की वर्गाची चूक कुठे आहे ते लख्ख दिसतं. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पिसा, नाहीतर हजेरीतले शेवटचे दहा जण कायम तुमच्या थकलेल्या डोळ्यांच्या वाट्याला येतात.

आता दिवाळीचं. प्रथम सत्र परीक्षा संपते, सुट्टी लागते, पेपर घरी जातात आणि मुलांच्या हातात पडतात तेव्हा परीक्षेला तीन-चार आठवडे उलटलेले असतात. आपण त्या गणितात काय विचार केला होता हे मुलाला तेव्हा आठवतही नाही. यावर पूर्ण इलाज नाही, अर्धा आहे. शेवटच्या पेपरच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलांकडून अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठला प्रश्न अवघड गेला, कुठला सुटला, आणि किती गुण मिळतील असं वाटतं. ही पानं जपून ठेवा. पेपर वाटताना ती परत दिली की मुलाचा अंदाज आणि खरे गुण शेजारी-शेजारी येतात. तिशीचा अंदाज करून अठरा मिळालेल्या मुलाला आपल्याला हा विषय येत नाही हेच ठाऊक नव्हतं. सोळाचा अंदाज करून अठरा मिळालेल्याचं दुखणं वेगळं, त्याला ठाऊक आहे. दोघांना एकच शेरा देऊन कसं चालेल?

चुकीची जात ओळखा

तपासताना शेजारी एक आडवा कागद ठेवा. डावीकडे हजेरी क्रमांक, वर प्रश्न क्रमांक. गुण गेला की त्या चौकटीत एक अक्षर टाका:

क – कल्पनाच चुकली आहे
व – प्रश्न नीट वाचला नाही (दोन विचारले, चार लिहिले, 'कारण सांगा'ला व्याख्या लिहिली)
ह – हातचूक, आकडेमोड, उतरवताना झालेली चूक
म – मांडणी: पायऱ्या नाहीत, एकक नाही, आकृतीला नावं नाहीत
को – कोरा सोडला

पाचच अक्षरं पुरेत. दहा केलीत तर तिसऱ्या दिवशी ती वापरणं बंद होतं.

गोंधळ होतो तो 'क' आणि 'ह' मध्ये. मुलं आणि पालक प्रत्येक चुकीला हातचूक म्हणतात, कारण ती ऐकायला बरी वाटते. ओळखायची खूण सोपी आहे. तीच चूक त्याच पेपरात दुसरीकडे आहे का बघा. एकदाच झाली तर हातचूक, दोनदा झाली तर कल्पना. कोऱ्या जागांचंही तसंच. सलग शेवटचे प्रश्न कोरे असतील तर वेळेचा घोटाळा आहे. मधलाच एखादा कोरा असेल तर तो धडा कच्चा आहे, किंवा मूल त्या आठवड्यात शाळेत नव्हतं. हजेरीपट काढून बघा, उत्तर तिथेच मिळतं.

हा कागद आडवा वाचला की एक मूल दिसतं, उभा वाचला की तुमची शिकवण्याची पद्धत दिसते. एखाद्या प्रश्नाच्या उभ्या ओळीत वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त 'क' असतील तर शेरे लिहू नका. अठरा-वीस वह्यांवर तीच ओळ लिहिण्यापेक्षा तो भाग पुन्हा शिकवा. आणि हुशार मुलंही त्याच ठिकाणी अडखळली असतील तर आधी प्रश्नाकडेच संशयाने बघा.

शेरा लिहिताना

दहावीच्या गणितातलं उदाहरण घेऊ. प्रश्न: ५, ८, ११, … या अंकगणिती श्रेढीचं २० वं पद काढा. मुलीने लिहिलं: ५ + २० × ३ = ६५. बरोबर उत्तर ५ + १९ × ३ = ६२.

यावर नेहमीचा शेरा म्हणजे लाल काट, वर '६२', आणि फार तर 'सूत्र पाठ कर'. आता मुलीच्या बाजूने बघा. पहिलं पद तिला कळलंय, साधारण फरक (लागोपाठच्या दोन पदांतला) कळलाय, गुणाकार-बेरीज बरोबर आहे. तिचं चुकलंय एकच: वीस पदं म्हणजे वीस उड्या असं ती धरून चालली आहे. सूत्र पाठ करून हे गणित सुटेल, पण समज तशीच राहील आणि पुढे शाब्दिक उदाहरणात पुन्हा डोकं वर काढेल. म्हणून शेरा असा हवा:

'५ पासून ८ पर्यंत एक उडी. मग पहिल्या पदापासून विसाव्या पदापर्यंत उड्या किती? मोजून पुन्हा सोडव.'

यात चूक कुठे आहे ते आलं, पुढे काय करायचं तेही आलं, आणि उत्तर मात्र दिलेलं नाही. उत्तर लिहून टाकलंत तर मुलीला करायला काही उरत नाही. वर्गात हाच मुद्दा समजवायचा तर पुण्यातल्या मुलांना मेट्रो पुरते. वनाजहून रामवाडीपर्यंत स्थानकं १६, पण मधली अंतरं १५. कुंपणाचे खांब, मोगऱ्याच्या गजऱ्याच्या गाठी, काहीही चालेल, पण मुलाने बोटं घालून मोजलं पाहिजे.

विज्ञानात दुसराच प्रकार दिसतो. 'तारे लुकलुकतात, पण ग्रह लुकलुकत नाहीत. शास्त्रीय कारण लिहा.' याला बरीच मुलं लिहितात: 'कारण तारे खूप लांब असतात.' हे चूक नाही, अर्धवट आहे. यावर 'अपूर्ण' असा शेरा लिहिला की मूल तेच वाक्य लांबवून आणतं. इथे साखळीतली सुटलेली कडी दाखवावी लागते: तारा लांब, म्हणून तो बिंदूसारखा स्रोत, वातावरणाचा अपवर्तनांक (त्यातून जाताना प्रकाश किती वाकतो ते) सतत बदलतो, म्हणून डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. ग्रह जवळ, तो अनेक बिंदूस्रोतांचा मिळून झालेला, त्यामुळे कमी-जास्त झालेलं एकमेकांत भरून निघतं. शेरा: 'लांब असणं आणि लुकलुकणं यांच्या मध्ये वातावरण काय करतं? दोन वाक्यं घाल.' एवढ्यावर निम्म्याहून अधिक मुलं उत्तर पुरं करतात. ज्यांना तेवढ्यानेही जमत नाही त्यांना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद दाखवा.

मराठीच्या पेपरात तर शेऱ्यांचा नुसता पाऊस असतो. निबंधात बावीस लाल गोल, आणि मुलाला वाटतं आपल्याला बावीस गोष्टी येत नाहीत. गोल मोजून बघा. 'मूलाला', 'फूलावर', 'वकीलाने', 'गरीबांना' अशा चौदा चुका एकाच नियमाच्या असतात: मूल, फूल, वकील, गरीब या शब्दांना प्रत्यय लागला की उपान्त्य (शेवटून दुसरं) दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, म्हणून मुलाला, फुलावर, वकिलाने, गरिबांना. (शरीर, गीत यांसारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तसेच राहतात, पण ते दुसऱ्या दिवशी.) चौदा गोल पुसून समासात एकच ओळ लिहा: 'मूल – मुलाला. असे आणखी शब्द तुझ्या निबंधात शोध आणि दुरुस्त कर.' बाकीच्या आठ चुका या खेपेला सोडून द्या. सगळं दुरुस्त करण्याची खाज आवरणं हे भाषेच्या शिक्षकाला सगळ्यांत जड जातं.

शेऱ्यात मुलाबद्दल काही लिहू नका, उत्तराबद्दल लिहा. 'तू हुशार आहेस पण आळशी' हे वाक्य प्रेमाने लिहिलेलं असलं तरी त्यात करण्यासारखं काही नाही. क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरच्या सहाशेहून अधिक निष्कर्षांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण तीनांपैकी एकाहून अधिक ठिकाणी तो दिल्यावर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. 'शाब्बास, हुशार!' हाही त्याच पठडीतला शेरा. त्याऐवजी 'आकृतीला नावं दिलीस म्हणून पुढचं स्पष्टीकरण सोपं झालं' असं लिहिलं की काय पुन्हा करायचं ते मुलाला कळतं.

एका पेपरवर दोनच शेरे लिहा: एक जे जमलं त्यावर, एक सर्वांत महागात पडलेल्या चुकीवर. एका शेऱ्याला अर्धं-पाऊण मिनिट धरलं तर पंचावन्न पेपरांना तास-सव्वा तास जास्तीचा लागतो. तेवढाही नसेल तर चुकीवरचे शेरे सगळ्यांना लिहा आणि कौतुक तोंडी करा.

आठवीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदींचाही इथेच उल्लेख करायला हवा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं ते या नोंदी मुलागणिक वेगळ्या असाव्यात म्हणून. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि पन्नास मुलं 'नियमित गृहपाठ करतो, सुवाच्य लिहितो' होऊन बसतात. वर सांगितलेला अक्षरांचा कागद जवळ असेल तर खरी नोंद लिहायला तयार नोंद उतरवण्याइतकाच वेळ लागतो.

गुण आधी की शेरा आधी

रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. गुण दिसले की शेऱ्याकडे कोण बघतो! वर्गात रोज दिसणारी गोष्टच त्यांनी मोजून दाखवली.

आपल्याकडे गुण दडवून ठेवता येत नाहीत. पेपर वाटल्याच्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणाला किती?' सुरू होतं. पण एक तासिका तरी मिळवता येते. गुण मुखपृष्ठावर न लिहिता वेगळ्या यादीत ठेवा, प्रत्येक प्रश्नासमोर फक्त खूण आणि शेरा द्या, आणि गुण तासिकेच्या शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी सांगा. घटक चाचणीला हे सहज जमतं. सत्र परीक्षेच्या पेपरवर शाळेच्या नियमाने गुण लिहावेच लागत असतील तर मुखपृष्ठ दुमडून स्टेपल करा आणि 'वीस मिनिटं उघडायचं नाही' असं सांगा. चार-पाच जण उघडतील, उघडू देत.

वाटपाची तासिका

३५ मिनिटांचा हिशेब साधारण असा बसतो. पहिली पाच मिनिटं पेपर वाटणं आणि गप्प बसून शेरे वाचणं. पुढची दहा फळ्यावर वर्गाच्या दोन मोठ्या चुका, दोनच. मग पंधरा मिनिटं ज्याने त्याने आपली दुरुस्ती करायची, तुम्ही बाकांमधून फिरायचं. शेवटची पाच मिनिटं गुण आणि गोंगाटासाठी.

हमखास होणारी चूक म्हणजे पूर्ण प्रश्नपत्रिका फळ्यावर सोडवणं. ज्यांना आलं होतं ते कंटाळतात, ज्यांना आलं नव्हतं ते उतरवून घेतात, आणि कामाचं समाधान फक्त शिक्षकाला मिळतं.

फळ्यावर चूक दाखवायची तर ती कुणाची हे कळता कामा नये. पेपर हातात धरून वाचू नका, वर्गाला एकमेकांची अक्षरं ओळखू येतात. आकडे बदलून स्वतःच्या हाताने लिहा आणि 'यात गडबड कुठे आहे?' एवढंच विचारा. ज्याची चूक असते तोच अनेकदा पहिला हात वर करतो.

दुरुस्ती म्हणजे 'बरोबर उत्तर पाच वेळा लिहून आण' नव्हे. त्याने हात दुखतो, बाकी काही होत नाही. मूळ उत्तराखाली वेगळ्या रंगाच्या पेनने, हिरव्या किंवा काळ्या, दुरुस्ती करायची आणि त्याच जातीचं एक नवं उदाहरण सोडवायचं. श्रेढीच्या त्या मुलीला द्यायचं गणित: ७, ११, १५, … चं ३० वं पद (उत्तर १२३). ते जमलं तर उलटं विचारा: पहिलं पद ५ आणि २० वं पद ६२, तर साधारण फरक किती? इथे ती पुन्हा वीस उड्या धरेल तर ५७ भागिले २० म्हणजे २.८५ येतं. पूर्णांकांच्या श्रेढीत हे दशांश कुठून आले, अशी शंका तिची तिलाच येते. चूक स्वतःच ओरडेल असं उदाहरण शोधायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण ते दरवर्षी वापरता येतं.

ज्यांच्या चुका फक्त 'ह' जातीच्या आहेत त्यांना नवं उदाहरण देऊ नका. त्यांना आपलीच गणितं ताळा करून बघायला लावा. आणि पैकीच्या पैकीवाल्यांना 'बस शांत' न म्हणता त्याच धड्यावर तीन गुणांचा एक प्रश्न आणि त्याची गुणविभागणी तयार करायला सांगा. ते वाटतं तितकं सोपं नाही.

समोरासमोर पाच मिनिटं

पंचावन्न जणांशी बोलणं शक्य नाही. आठ-दहा निवडा: ज्यांचे गुण मागच्या वेळेपेक्षा एकदम घसरले, जे पस्तीस टक्क्यांच्या आसपास लटकलेत, आणि वर्षभर त्याच जागी अडकलेली एक-दोन हुशार मुलं. ही तिसरी जात नेहमी विसरली जाते.

जागा हा खरा प्रश्न असतो. पुण्यातल्या बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात, घंटा झाली की दुसऱ्या सत्राची मुलं दारात उभी असतात. स्टाफरूममध्ये चार शिक्षकांसमोर मूल तोंड उघडत नाही. तुमचा ऑफ तास आणि ग्रंथालयाचा कोपरा, किंवा लहान सुट्टीत जिन्याखालची जागा बरी. पेपर मुलाच्या हातात द्या आणि आधी त्याला बोलू द्या. संवाद साधारण असा जातो:

'सांग, कसा गेला होता पेपर?'
'वेळ पुरला नाही, बाई.'
'बरं. कुठवर पोचलास तेव्हा घंटा झाली?'
'चौथ्या प्रश्नाला.'
'मग हा दुसरा प्रश्न बघ. फरक स्पष्ट करा, किती गुणांना होता?'
'दोन.'
'आणि लिहिलंस किती?'
(पान उलटून) 'दीड पान.'
'दोन गुणांना किती वेळ द्यायचा, करून बघ हिशेब.'

विज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, दोन गुणांना सहा. हा भागाकार मुलाने स्वतः केला की 'वेळ पुरला नाही' ही तक्रार संपते आणि 'दोन गुणांना दोन-तीन मुद्दे, समोरासमोर' हे काम सुरू होतं. उठण्यापूर्वी मुलाकडून एकच गोष्ट ठरवून घ्या आणि ती त्याच्याच हाताने पेपरच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या, तारखेसह. 'रोज अभ्यास करीन' लिहिलं तर खोडायला लावा. 'शुक्रवारपर्यंत फरक स्पष्ट कराचे चार प्रश्न घड्याळ लावून, प्रत्येकी सहा मिनिटं' असं हवं.

मूल रडायला लागलं, किंवा घरचं काही बोलायला लागलं, तर पेपर मिटा. तो विषय त्या दिवशी पेपरचा राहत नाही.

गुणांची तक्रार

ही वेगळी ठेवा, नाहीतर वाटपाची तासिका अर्ध्या गुणाच्या बाजारात जाते. नियम आधीच सांगा: बेरीज चुकली असेल तर लगेच दाखवा, बाकी तक्रार चिठ्ठीवर, प्रश्न क्रमांक आणि कारण लिहून, दुसऱ्या दिवशी. कारण लिहावं लागलं की निम्म्या तक्रारी गळतात आणि उरलेल्या बहुधा खऱ्या असतात. चूक तुमची निघाली तर वर्गासमोर गुण वाढवा. प्रश्नच चुकीचा असेल तर तो सोडवायचा प्रयत्न केलेल्या सगळ्यांना.

पालकांशी

पालक सभा शनिवारी, प्रत्येकाला चार मिनिटं, मागे रांग. आई-वडील येतात ते दोन प्रश्न घेऊन: 'वर्गात कितवा आहे?' आणि 'क्लास लावू का?' पहिल्याचं उत्तर देऊ नका, दुसऱ्याचं घाईने देऊ नका. पेपर उघडून एक जमलेलं उत्तर दाखवा, मग एक चूक दाखवा, आणि घरी करता येण्याजोगी एक गोष्ट सांगा. 'तुम्ही गणित शिकवू नका. फक्त रोज एक सोडवलेलं उदाहरण त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलीची खूण करा आणि वही माझ्याकडे पाठवा.' हे शाळा न शिकलेल्या आजीलाही जमतं.

मुलाला सभेला बोलावलं असेल तर त्याच्याबद्दल त्याच्या डोक्यावरून बोलू नका. 'तू सांग आईला, काय ठरलंय आपलं' असं म्हटलं की काम झालं. आणि ग्रुपवर गुणांची यादी, तुलना, 'टॉप फाइव्ह', काहीही टाकायचं नाही.

पूर्वपरीक्षेनंतर

दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतर बोर्डाला जेमतेम काही आठवडे उरलेले असतात. तेव्हा 'क' जातीच्या सगळ्या चुका धुऊन काढायचा हट्ट सोडा. प्रत्येक मुलाच्या कागदावर आधी 'व', 'म' आणि 'को' मोजा. एकक न लिहिणं, उपप्रश्नाचा क्रमांक चुकीचा टाकणं, 'कोणतेही दोन' ऐवजी तीन सोडवणं यांत गेलेले गुण आठवड्याभरात परत मिळतात. 'क' पैकी फक्त दोन धडे निवडा, जिथे मूल काठावर आहे असे. पूर्ण अनोळखी धडा आता हाती घेतला की येत असलेल्या धड्यांची उजळणीही मागे पडते.

तीन आठवड्यांनी

वर्गाच्या दोन मोठ्या चुकांवर दहा गुणांची, पंधरा मिनिटांची छोटी चाचणी घ्या. आकडे आणि भाषा बदला, जात तीच ठेवा. आगाऊ सांगू नका. तपासताना जुना कागद शेजारी ठेवा आणि फक्त एवढंच बघा: ज्या चौकटीत 'क' होता तिथे आता काय आहे. 'क' जाऊन 'ह' आला असेल तर काम होतंय. 'क' तसाच असेल तर मुलाला पुन्हा तोच शेरा देऊ नका, एकदा न कळलेला शेरा दुसऱ्यांदाही कळत नाही. वेगळं उदाहरण, वेगळी आकृती, किंवा शेजारच्या मुलाला समजावून सांगू दे.

नंतर तो कागद प्रश्नपत्रिकेला टाचून फाइलला लावा. कोपऱ्यात पेन्सिलीने पुढच्या वर्षीसाठी दोन ओळी लिहून ठेवा: श्रेढीचा धडा वनाज-रामवाडीपासून सुरू करायचा, सूत्र दुसऱ्या तासाला.